मागच्या सीटवरून

बेटावर बस नाही, म्हणाला फोनवरचा माणूस.
रिक्षा तीन. त्यातली एक मेव्हण्याची,
ती बोटीच्या वेळेला जेट्टीवर, एरवी झोपलेली.
स्कूटर घ्या, दिवसाचे पाचशे.
पेट्रोल किराणा दुकानात मिळतं, बाटलीतून,
कांद्यांच्या शेजारी ठेवलेलं असतं.
आणि नारळाखाली लावू नका, आधीच सांगतो,
मागच्या महिन्यात एकाचा आरसा गेला.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात त्याचं आमंत्रण.
लायसन मार्चमध्ये संपलं,
लेकीनं तिकिटं काढली जानेवारीची.
चालवणार कोण, हे घरात कुणी विचारलं नाही.
मंदानं तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
सायकलसुद्धा कधी चालवली नाही.

तर रोज सकाळी सहाला ईदगाह मैदान.
निफाडला पारा साडेपाचवर, असं पेपरात,
आणि आम्ही तयारी करतोय
जिथं अंघोळ करून टॉवेल ठेवेपर्यंत घाम येतो
त्या गावाची.
मी चुन्यानं बेट आखलं.
हा दगड म्हणजे जेट्टी. ती विटांची चळत, दवाखाना.
चहावाला शकील जिथं स्टोव्ह पेटवतो ते दीपगृह.
क्रिकेटची पोरं ओरडली, काका, पिचवरून समुद्र हटवा!

"जेट्टीपासून शेवटचा किनारा किती लांब?"
साडेचार किलोमीटर.
"म्हणजे?"
म्हणजे नाशिकरोडहून निघालीस तर
उपनगरच्या जरा पुढं.
"आणि मग?"
मग पाणी.
"सगळीकडून?"
सगळीकडून.
हँडलवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.
"मग चुकणार कसं माणूस," म्हणाली,
आणि ॲक्सिलरेटर असा पिळला
की दवाखाना ओलांडून आम्ही थेट
बाभळीच्या कुंपणात.
काटे काढताना हसत होती. मी नव्हतो.

पंधरा दिवसांनी रस्त्यावर आलो. मुंबई नाका.
मध्ये वाहतूक बेट, कुठल्याशा बँकेनं दत्तक घेतलेलं,
बंद कारंजं, वाळका झेंडू, झोपलेलं एक कुत्रं.
बाहेर पडायला कुणी वाव देईना.
सिटी बस, द्राक्षांच्या क्रेटचा पिकअप,
बुलेटवर दूधवाला, त्याच्या मागं आणखी एक दूधवाला.
एक फेरी झाली. दुसरी झाली.
तिसऱ्या फेरीला कुत्र्यानं मान वर करून आम्हाला ओळखलं.

माझ्या जिभेवर आलं होतं, हात दाखव, घुस.
पण चाळीस वर्षं मी पुढं बसलो,
ती मागून म्हणायची, हळू,
आणि मी एकदाही हळू झालो नाही.
मागून रस्ता दिसतच नाही, हे मला आता कळतंय.
दिसतो एक मरून स्वेटर,
कॉलरपाशी उसवलेला,
हेल्मेटखालून निसटलेली पांढरी बट,
आणि समोरून जे येतंय त्याचा फक्त आवाज.
मी तोंड मिटून घेतलं.
गुडघे मात्र आपोआप ब्रेक दाबत होते.

चौथ्या फेरीला बाहेर पडली ती भलत्याच रस्त्यानं.
जायचं होतं गोविंदनगरला,
द्वारका गेली, अमृतधाम गेलं,
उजेड चांगलाच वर आला, आडगाव आलं.
वेग पस्तीस. पाठ सरळ.
मंदा, मी म्हणालो, परत कुठून फिरायचं?
वाऱ्यात अर्धंच ऐकू आलं,
"...समुद्र आल्यावर."

आडगावला एक टपरी दिसली.
सुटे पैसे आहेत का, एवढंच तिनं विचारलं.
स्कूटर लावायच्या आधी
तिनं मान वर करून झाड पाहिलं.
चिंच होती.
तरी दोन हात पुढं नेऊन लावली.